सर्पगंधा, खाजकुहिली आणि मेंदूचा लगाम

नर्मदेच्या उत्तर तीरावरील धरमपुरी हे पूर्वीच्या धार संस्थानातील गाव. त्या खोऱ्यातील झाडाझुडपांवर खाजकुहिलीचे वेल चढतात. तिच्या लवदार शेंगांना गुराख्यांची पोरेही भितात. आयुर्वेदाने मात्र आतील बी औषधात घेतले. मद्रासचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली या बियांतून एल-डोपा हे द्रव्य वेगळे केले. त्याचे खरे मोल तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते.

ते कळले दुसऱ्या एका वनस्पतीमुळे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रुग्णांच्या दाखल्यांनिशी मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पीन निघाले आणि मनोरुग्णांनाही ते दिले जाऊ लागले. परंतु काहींचे हातपाय ताठरले, चाल मंदावली. ही तर कंपवाताची लक्षणे! या औषधाने मेंदूतून नेमके काय हिरावून घेतले होते?

उत्तर १९५७ साली स्वीडनमध्ये मिळाले. आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा टोचले आणि ते पुन्हा हिंडू लागले. हिरावले गेले होते ते डोपामीन. एल-डोपापासून मेंदू तेच घडवितो. या संशोधनासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

तथापि हालचालीचा कारभार एकट्या डोपामीनचा नव्हे. पेशींचे इंधन जे एटीपी, ते प्युरीन कुळातले. पेशी कामाला लागल्या की ते खर्ची पडते आणि त्यातून अ‍ॅडेनोसीन निर्माण होते. डोपामीन ज्या पेशींना हुकूम देते, त्यांतील अनेकींना अ‍ॅडेनोसीन नेमका उलट हुकूम देते. निरोगी मेंदूत दोघे परस्परांस तोलून धरतात. डोपामीन आटले की लगाम तेवढा शिल्लक उरतो. चहा-कॉफीतील कॅफीन याच कुळातले. ते अ‍ॅडेनोसीनची जागा अडविते, म्हणून तरतरी येते. हा लगाम सैल करणारे इस्ट्राडेफायलीन हे औषध जपानने २०१३ साली कंपवातासाठी मान्य केले.

सर्पगंधेच्या गुणांबरोबर तिचे दोषही वैद्यांनी प्रामाणिकपणे टिपून ठेवले. कंपवाताच्या उपचाराची वाट त्या नोंदींतूनच निघाली.