हजार डॉलरमागे पन्नास सेंट

कॅनडातल्या टोरोंटोत पूर्वी नगरपालिकेची निवडणूक नववर्षाच्या सुरुवातीलाच होत असे. १ जानेवारी १८८३ रोजी मतदारांपुढे उमेदवारांच्या नावांबरोबर एक प्रश्नही होता: शहराने कर बसवून सर्वांसाठी मोफत वाचनालय काढावे का? मतदारांनी मोठ्या बहुमताने होकार दिला.

या प्रश्नाचा पाठपुरावा जॉन हॅलम नावाच्या नगरसेवकांनी चिकाटीने केला होता. चामडे आणि लोकरीचा व्यापार करणारे हॅलम मूळचे इंग्लंडमधल्या लँकेशायरचे. लहानपणी सूतगिरणीत राबले, शाळा फारशी मिळाली नाही, शिकले ते स्वतःच्या वाचनातून. १८५६ साली टोरोंटोत येऊन त्यांनी धंद्यात जम बसवला आणि १८८२ साली मोफत वाचनालयांचा कैवार घेणारी पुस्तिका काढली. त्याच वर्षी ओंटारिओ प्रांताने त्यासाठी कायदा केला. कराची कमाल मर्यादाही ठरली: मालमत्तेच्या आकारणीत हजार डॉलरमागे वर्षाला पन्नास सेंट.

पुस्तके शहरात त्याआधीही होती. १८३० साली स्थापन झालेल्या ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’मध्ये कारागिरांसाठी ग्रंथालय होते, संध्याकाळचे वर्ग होते, पण वर्गणी भरावी लागे. ही रीत मराठी वाचकाला नवी नाही. १८४८ सालचे पुण्याचे नगर वाचन मंदिर किंवा १८९३ सालचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय अशा संस्था वर्गणी आणि देणग्यांवरच उभ्या राहिल्या, आणि अनेक पिढ्यांना त्यांनी वाचायला शिकवले. तरीही वर्गणीची एक अडचण राहतेच. महिनाअखेरीस ज्याच्या घरी किराण्याचे पैसे जेमतेम उरतात, तो सगळ्यात आधी वाचनालयाचा खर्च काटतो. टोरोंटोने इन्स्टिट्यूटची इमारत आणि पुस्तके ताब्यात घेतली आणि ६ मार्च १८८४ रोजी, शहराच्या पन्नासाव्या वाढदिवशी, मोफत वाचनालय उघडले.

पुढे अमेरिकन पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून कॅनडात १२५ वाचनालये बांधली गेली, त्यांतली १११ एकट्या ओंटारिओत. लोक आजही त्या जुन्या इमारती कौतुकाने पाहतात. त्यांच्यामागची अट मात्र इमारतींहून मोलाची होती. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी वाचनालय चालवायला खर्च करायची. टोरोंटोला १९०३ साली साडेतीन लाख डॉलर मंजूर झाले, त्याबरोबर वर्षाला पस्तीस हजारांची जबाबदारीही आली. दाता एकदा देऊन गेला, गाव कायमचे बांधले गेले.

शहरात हे जमले. पण विखुरलेल्या शेतवस्तीत कसे जमायचे? बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर मोफत वाचनालये काढली आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या फ्रेझर खोऱ्यात १९३० साली पुस्तकांची मोटारगाडी आली. हेलन गॉर्डन स्टुअर्ट या ग्रंथपाल बाईंनी कार्नेगी कॉर्पोरेशनच्या एक लाख डॉलरवर हा प्रयोग उभा केला. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या झडपा उघडल्या की आत पुस्तकांनी भरलेली कपाटे दिसत. रस्त्याच्या कडेला उभे राहून शेतकरी, बायका, मुले पुस्तके निवडत.

हा महामंदीचा काळ होता. कामे गेली होती, शेतमालाला भाव नव्हता. अशा वेळी देणगीचे पैसे संपत आले आणि १९३४ साली खोऱ्यातल्या गावांना विचारले गेले: ही सोय पुढे स्वतःच्या करातून चालवाल का? बहुतेक गावांनी मतदान करून होकार दिला. कॅनडाच्या ग्रंथालय-इतिहासात याहून मोठी घटना सापडणे कठीण आहे. हातात पैसा नसलेल्या माणसांनी हिशेब केला, आणि एकेकट्याने पुस्तके घेण्यापेक्षा सर्वांनी मिळून घेणेच परवडते, हे त्यांना दिसले.

हिशेब पटला तरी तो पुन्हा पुन्हा राखावा लागतो. २०११ साली टोरोंटो महापालिकेत खर्चकपातीची कुऱ्हाड उगारली गेली आणि वाचनालयाच्या शाखा बंद करण्याची चर्चा सुरू झाली. लेखिका मार्गारेट ॲटवुड यांच्यासह हजारो नागरिक विरोधात उभे राहिले. जुलैअखेर महापालिकेच्या कार्यकारी समितीच्या एका बैठकीत लोक रात्रभर आपापली बाजू मांडत होते. अल्बर्टा प्रांतात तर वाचनालयाच्या कार्डाला शुल्क घेण्याची मुभा होती. कॅल्गरीने ते २०१५ साली रद्द केले. विलंब शुल्क टोरोंटोने मार्च २०२२ मध्ये पूर्णपणे बंद केले. दंड थकला की गरीब घरातल्या मुलांचीच कार्डे आधी बंद पडत होती, आणि ज्यांना वाचनालयाची सर्वाधिक गरज तीच मुले बाहेर राहत होती. हरवलेल्या पुस्तकाची किंमत मात्र अजूनही भरावी लागते, आणि ते योग्यच आहे.

आज टोरोंटोत शंभर शाखा आहेत. दूरच्या शाखेतले पुस्तक मागवले की ते घराजवळच्या शाखेत येते. पार्कडेल शाखेतून २०१६ पासून गिटार, व्हायोलिन घरी नेता येते. मुलाला वाद्याची गोडी लागते की नाही हे पाहण्याआधी शेकडो डॉलर घालावे लागत नाहीत. संग्रहालये आणि प्राणिसंग्रहालयाचे मोफत पासही वाचनालयाच्या कार्डावर मिळतात. ओटावाच्या वाचनालयात विजेचा वापर मोजणारे एक छोटे यंत्र मिळते. भिंतीतला सॉकेट आणि फ्रीज यांच्यामध्ये ते लावले की जुना फ्रीज किती वीज खातो ते आकड्यांत दिसते, आणि दुरुस्ती करायची की बदलायचा हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

पुण्या-नाशिकहून कॅनडात नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या हिवाळ्यात या सोयी फार उपयोगी पडतात. घरभाडे आणि गरम कपडे यांतच बचत संपते. नागरिकत्वाच्या परीक्षेचे पुस्तक, नोकरीचा अर्ज छापायला संगणक, लहान मुलांसाठी गोष्टींची बैठक, मार्च-एप्रिलमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांना कर-विवरण भरून देणारे स्वयंसेवक: हे सगळे अनेक शाखांत एकाच छताखाली असते. पत्ता दाखवणारा कागद आणि ओळखपत्र घेऊन गेले की कार्ड हातात पडते.