श्रीपतीचा थोरला भाऊ

जुन्या जालन्यात बिशप शोधायला निघालेल्याला कागदांत भेटतात रेव्हरंड नारायण शेषाद्री. ते बिशप नव्हते, होणेही शक्य नव्हते. अँग्लिकनांना मुंबईसाठी टॉमस कार हा पहिला बिशप 1837 मध्ये मिळाला. शेषाद्री मात्र स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि त्या पंथात बिशपपदच नाही.

मराठी वाचकाला त्यांचे नाव माहीत असलेच तर धाकट्या भावामुळे. सप्टेंबर 1843 मध्ये नारायण यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यामागे अल्पवयीन श्रीपतीही पाद्री रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे राहायला गेला. वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलाचा ताबा त्यांना दिला. हा निवाडा पेरींच्या 1853 च्या निवाडासंग्रहात छापलेला आहे. पुढे श्रीपतीला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, त्यावरून ब्रह्मवृंदात तट पडले आणि तो वाद मराठी इतिहासात कायमचा बसला. थोरला भाऊ त्या गदारोळातच मागे राहिला. हा अन्याय आहे, असे माझे मत.

कारण त्यांचे मोठे काम पुढेच आहे. 1854 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नंतर त्यांनी जालना हे कार्यक्षेत्र केले. गाव निजामाच्या मुलखात, शेजारी हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी. ब्राह्मण घरातून आलेल्या या पाद्र्याभोवती जमली ती मुख्यतः मांग कुटुंबे. बाप्तिस्मा घेतला की गावकीतली जागा जाते, पोटाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गावच वसवले. धर्मांतराबरोबर शेतीचा विचार करणारा हा माणूस मला व्यवहारी वाटतो.

1873 मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते पागोटे बांधून बोलले. परिषदेचे इतिवृत्त छापील असल्याने ते भाषण टिकले. बेथेलच्या कुटुंबांची गोष्ट मात्र बहुतेक मिशनच्याच शब्दांत उरली, आणि मिशनचे अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असत. त्यांतला उत्साह थोडा वजा करूनच वाचावा.

1891 मध्ये परदेशप्रवासात, समुद्रावर असताना शेषाद्री वारले. जालना-बेथेलच्या जुन्या घरांत बाप्तिस्म्याचे दाखले, जमिनीचे कागद, पत्रे असतील, तर ती रद्दीत जाण्याआधी कुणीतरी त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात.