सहीची बॅट, जर्सी ऑनलाईन घेताय? आधी विकणारा तपासा

गहुंजेचं स्टेडियम आपल्या मावळ तालुक्यातलंच. १९ ऑक्टोबर २०२३ ला विराट कोहलीने इथे बांगलादेशविरुद्ध नाबाद १०३ धावा केल्या. 'त्याच मॅचमधला सही केलेला बॉल' म्हणून मोबाईलवर कोणी फोटो टाकला, तर चाकण-भोसरीच्या कंपनीत राबणाऱ्या पोराचाही हात पगाराच्या पैशांकडे जातो. फसवणारे याच ओढीवर टपलेले असतात.

सही खरी की खोटी, हे नुसत्या फोटोवरून ओळखणं अवघड आहे. त्यातून कित्येक बॅटींवर सही छापलेलीच असते. भिंगातून पाहिलं तर छपाईचे बारीक ठिपके दिसतात; पेनाच्या शाईची रेघ सलग असते. पण वस्तू हातात आल्यावरच हे कळणार, तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून वस्तू कुठून आली, कोणाकडून कोणाकडे गेली, त्याचा कागद आधी मागायचा. २०२० मध्ये शेन वॉर्नने स्वतःची कसोटी टोपी वणवाग्रस्तांसाठी लिलावात काढली, ती दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. ती त्याचीच आहे यात शंका नव्हती, म्हणून तर तेवढी किंमत आली. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र मात्र कागदाचा कपटाच समजा. होलोग्रामवर नंबर असेल तर तो देणाऱ्या संस्थेच्या वेबसाईटवर टाकून बघा. आणि वेबसाईटचा पत्ता स्वतः शोधा, विकणाऱ्याने पाठवलेली लिंक उघडू नका.

दुकानदार असेल तर जीएसटी नंबर मागा. तो १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव फुकटात दिसतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार खरेदीच्या वेबसाईटने विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवायलाच हवा. घरगुती विक्रेत्याकडे जीएसटी नसेल, तर समोर भेटून, वस्तू बघूनच पैसे द्या. 'मी मिलिटरीत आहे, बदली झालीय, स्वस्तात देतो' असं म्हणत वर्दीतला फोटो पाठवणारा तर हमखास संशयाचा. 'पैसे परत घेण्यासाठी पिन टाका' म्हणाला तर लगेच थांबा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

पुण्यात सहकारनगरला 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेट संग्रहालय आहे. मोठी खरेदी करण्याआधी तिथल्या बॅट, जर्सी एकदा बघून आलात तर नजर तयार होते.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, बिल जपून ठेवा. फसलात तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० ला फोन लावा; पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येऊ शकतात. व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी असू द्या. वस्तू आली पण वेगळीच निघाली, तर ग्राहक हेल्पलाईन १९१५.