चेफी कार्यक्रम : महासाथीतील बदल

अमेरिकेत फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारने मुलांना ज्या प्रतिपालक कुटुंबांत किंवा संस्थांत ठेवलेले असते तिथून, वय उलटल्यामुळे बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठीचा संघराज्य सरकारचा साहाय्य कार्यक्रम. तो १९९९च्या कायद्याने सुरू झाला. ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॉन चेफी यांचे नाव त्याला दिले आहे. महाराष्ट्रात बालगृहातून अठराव्या वर्षी निघालेल्यांसाठी अनुरक्षणगृहे आहेत, गरज तीच.

२०२०च्या सुमारास दरवर्षी साधारण २०,००० तरुण राज्याच्या नियमाप्रमाणे अठराव्या ते एकविसाव्या वर्षी असे बाहेर पडत. कोविड महासाथीमुळे मार्च २०२०मध्ये महाविद्यालयांनी वसतिगृहे रिकामी करायला लावली, तेव्हा बाकीची मुले बॅगा भरून आईवडिलांकडे गेली. फॉस्टर केअरमधल्या मुलांपैकी अनेकांना जायला घरच नव्हते. हॉटेले आणि दुकाने बंद झाल्याने तासांवर पगार मिळणारी कामेही गेली. अठरानंतर व्यवस्थेत राहायचे तर सहसा शिक्षण किंवा नोकरी चालू असावी लागे, त्यामुळे नोकरीबरोबर निवाराही जाण्याची वेळ आली.

या मुलांना समाजसेवकाने दरमहा भेटायचे असते; ती भेट व्हिडिओ कॉलवर घेण्याची मुभा मार्च २०२०मध्येच मिळाली. ती हवीच होती, पण पुरेशी नव्हती. फोनचे पैसे संपले की संपर्क तुटतो, आणि दुसऱ्याच्या घरी सोफ्यावर झोपणारी मुलगी घरातल्यांसमोर आपली अडचण सांगू शकत नाही.

खरा, पण तात्पुरता आधार दिला तो २७ डिसेंबर २०२०च्या कायद्याने. कार्यक्रमाची वार्षिक तरतूद जेमतेम १४.३ कोटी डॉलर. तिच्यात ४० कोटींची भर पडली. सेवा सत्ताविसाव्या वाढदिवसापर्यंत खुल्या झाल्या. केवळ वयामुळे कोणालाही बाहेर काढायला ३० सप्टेंबर २०२१पर्यंत मनाई झाली, शिक्षण-नोकरीची अट उठली. महासाथीत बाहेर पडलेल्यांना परत येता येऊ लागले. हे कलम सर्वांत मोलाचे. शिक्षणसाहाय्याची वार्षिक कमाल मर्यादा ५,०००वरून १२,००० डॉलर झाली. गाडी शिकणे, लायसन्स, विमा यांसाठीही पैसे देता येऊ लागले. बससेवा तुटपुंजी असलेल्या गावांत त्याशिवाय नोकरी टिकत नाही.

अडचण उरली ती माणसे शोधण्याची. व्यवस्था सोडून तीन-चार वर्षे झालेल्यांचे पत्ते आणि फोन नंबर बदललेले होते. जिथे अर्ज सुटसुटीत केले आणि रोख रक्कम थेट हातात दिली, तिथे मदत लवकर पोचली. मनाईची मुदत मात्र ३० सप्टेंबर २०२१ला संपली, आणि वयाचे जुने नियम पुन्हा लागू झाले.