माशाचे पिल्लू आणि माणसाचे मूल : तान्ह्या बाळाच्या पहिल्या पोहण्याचा इतिहास

(धागा)

१/ गेल्या रविवारी थोरल्या बहिणीबरोबर तिच्या सात महिन्यांच्या लेकीला घेऊन पुण्यातील एका तरणतलावावर गेले होते. बाळाचा पोहण्याच्या वर्गातील तो पहिलाच दिवस. कोमट पाणी, मोठ्यांच्या कमरेएवढी खोली, काठावर रंगीत खेळणी आणि बाळांना कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आठ-दहा आया. प्रशिक्षक बाईंनी बाळाचे वय विचारले, दुखणेखुपणे विचारले आणि मग सहज विचारले, "आईला पोहता येते ना?" ताई गप्प झाली.

२/ त्या गप्प होण्याला बराच जुना इतिहास आहे. तोच या धाग्यात मांडते आहे. प्रश्न दोन आहेत. तान्ह्या बाळाला पोहायला शिकवता येते, ही कल्पना आली कुठून? आणि त्याला पाण्यात घेऊन जाणारी आई स्वतः इतकी शतके काठावर का राहिली?

३/ मुलाला पोहता आले पाहिजे, हा विचार फार प्राचीन आहे. प्लेटोच्या 'लॉज' या संवादात अडाणी माणसाचे वर्णन अक्षरे आणि पोहणे ही दोन्ही न येणारा असे येते. प्लुटार्क सांगतो की, रोमचा थोरला केटो आपल्या मुलाला स्वतः पोहायला शिकवत असे. ज्यूंच्या तालमूदमध्ये बापाची मुलाविषयीची कर्तव्ये दिली आहेत : धर्मशिक्षण द्यावे, लग्न लावून द्यावे, हाताला एखादा व्यवसाय द्यावा. काहींच्या मते पोहणेही शिकवावे, कारण त्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

४/ ही उदाहरणे वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिन्हींमध्ये शिकणारा मुलगा आहे. केटो आणि तालमूद यांच्याकडे तर शिकवणारा बापच आहे. मुलीचा उल्लेख नाही आणि तान्ह्या बाळाचाही नाही. पोहणे हे कळत्या वयाच्या मुलाचे शिक्षण होते आणि ते बापाकडून मुलाकडे जात असे.

५/ आपल्याकडील चित्र फारसे वेगळे नव्हते. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या विहिरीत पोहायला शिकल्या. पाठीला सुका भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक काकाच्या हाती. आमच्या घरीही चुलतभाऊ मळ्यातील विहिरीत असेच शिकले. त्यांचे कपडे सांभाळत पायऱ्यांवर बसण्याचे काम ताईकडे आणि माझ्याकडे होते. जिने रोज पाणी शेंदले, तिला मात्र त्या पाण्यात कुणी उतरू दिले नाही.

६/ स्त्रियांना पाण्यापासून दूर ठेवण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे न्यूयॉर्क शहराने १९०४ मध्ये पाहिले. त्या वर्षी १५ जून रोजी 'जनरल स्लोकम' ही आगबोट सुमारे तेराशे सहलकरी घेऊन ईस्ट रिव्हरमधून निघाली. सहल एका जर्मन ल्यूथरन चर्चची होती. वार बुधवार, म्हणजे पुरुष बहुतांशी कामावर. बोटीवर होत्या त्या प्रामुख्याने आया आणि मुले.

७/ बोटीला आग लागली. आग विझवण्याचे होज पाण्याच्या दाबाने फुटले. जीवरक्षक जाकिटांमधील बूच कुजून भुगा झाले होते, त्यामुळे ती घातलेली मुले तरंगण्याऐवजी बुडाली. किनारा डोळ्यांसमोर होता, पण पोहता येणारे फार थोडे होते आणि बायकांच्या अंगावर पायघोळ, जड कपडे होते. हजारांहून अधिक माणसे मरण पावली. दोष बोटीच्या मालकांचा आणि तपासणी करणाऱ्यांचा होता, यात शंका नाही. मात्र आईलाच पोहता येत नसेल तर तिच्या कडेवरच्या बाळालाही पाण्यात आधार उरत नाही, हेही त्या दिवशी दिसले.

८/ पुढील काळात स्त्रियांना पोहता आलेच पाहिजे, ही मागणी अमेरिकेत जोर धरू लागली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जलतरण स्पर्धा प्रथमच झाल्या. १९१७ मध्ये शार्लट एपस्टाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांची जलतरण संघटना स्थापन केली. याच संघटनेत घडलेली गर्ट्रूड एडर्ली ही जर्मन स्थलांतरितांची मुलगी १९२६ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेली. असे करणारी ती पहिली स्त्री, आणि तिची वेळ तोवरच्या सर्व पुरुषांपेक्षा कमी होती.

९/ आता बाळाकडे वळू. योगायोगाने हे प्रकरणही न्यूयॉर्कमध्येच घडले. मर्टल मॅकग्रॉ या मानसशास्त्रज्ञ तेथील बेबीज हॉस्पिटलमध्ये बालविकासाचा अभ्यास करत होत्या. अवघ्या ११ दिवसांच्या अर्भकापासून अडीच वर्षांच्या मुलापर्यंत ४२ बाळांना पाण्यात सांभाळून धरून त्यांनी ४४५ निरीक्षणे नोंदवली. त्यावरील निबंध १९३९ मध्ये बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

१०/ मॅकग्रॉ यांना तीन टप्पे दिसले. पहिल्या काही महिन्यांत बाळ पाण्यात पालथे धरले की हातपाय लयीत हलवते आणि श्वासही रोखते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तीत इच्छा किंवा शिक्षण नाही. सुमारे चार महिन्यांनंतर ही लय मोडते. बाळ उताणे होऊ पाहते, धडपडते, धरणाऱ्याचा हात घट्ट पकडते, पाणी गिळते, खोकते. समजून-उमजून हातपाय मारण्याचा टप्पा येतो तो बऱ्याच काळाने, बाळ चालू लागण्याच्या सुमारास आणि त्यानंतर.

११/ या निबंधातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण असे : पहिल्या टप्प्यातील बाळ हातपाय हलवून थोडे पुढे सरकते खरे, पण श्वास घेण्यासाठी डोके पाण्याबाहेर काढू शकत नाही. हात सोडला तर ते बुडेल. 'माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावे लागत नाही' असे आपण म्हणतो. मॅकग्रॉ यांच्या नोंदींवरून स्पष्ट होते की, माणसाचे मूल म्हणजे माशाचे पिल्लू नव्हे.

१२/ परंतु लोकांच्या लक्षात राहिला तो निबंधाचा पूर्वार्ध. 'बाळ जन्मतःच पोहते' ही समजूत रुजली. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीत तान्ह्यांच्या जलतरणाचे वर्ग निघाले, पालकांसाठी पुस्तके आली. १९९१ मध्ये 'निर्वाणा' या वाद्यवृंदाच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमचे मुखपृष्ठ जगभर पोहोचले : निळ्या पाण्यात तरंगणारे चारेक महिन्यांचे बाळ आणि त्याच्यासमोर गळाला लावलेली नोट. प्रत्यक्षात बाळ पाण्याखाली होते ते काही क्षण. गळ आणि नोट मागाहून चित्रात बसवली होती.

१३/ डॉक्टर मात्र सावध होते. बाळाला वारंवार पाण्याखाली बुडवण्याची पद्धत काही वर्गांत होती. अशा वेळी बाळ श्वास रोखते, पण पाणी गिळते. ते फार गिळले गेले तर रक्तातील सोडियम घटून झटके येऊ शकतात. १९८० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत अशा बाळांच्या नोंदी आल्या. २००० मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने भूमिका घेतली की, चार वर्षांपूर्वी मुले औपचारिक जलतरण शिक्षणास साधारणपणे तयार नसतात. शिवाय, वर्गाला घातले म्हणजे मूल सुरक्षित झाले, असा खोटा दिलासा पालकांना मिळेल ही भीती होतीच.

१४/ २००९ मध्ये एका अमेरिकी अभ्यासाने ही भूमिका हलवली. त्यात एक ते चार वर्षे वयाच्या, बुडून दगावलेल्या ६१ मुलांची त्याच वयाच्या इतर मुलांशी तुलना केली होती. दगावलेल्यांपैकी ३ टक्के मुलांनीच जलतरणाचे धडे घेतले होते, तर इतरांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. आकडे लहान आहेत, त्यामुळे नेमका लाभ किती हे ठामपणे सांगता येत नाही. तरीही धड्यांमुळे धोका वाढतो, ही शंका मागे पडली.

१५/ अकादमीची २०१९ ची भूमिका थोडक्यात अशी : एक वर्षानंतर अनेक मुलांना जलतरण शिक्षणाचा लाभ होऊ शकतो. एक वर्षाच्या आतील बाळांना अशा धड्यांमुळे बुडण्यापासून संरक्षण मिळते, याला पुरावा नाही. पाण्याची ओळख, आईबापांबरोबरचा खेळ म्हणून त्यांना जरूर न्यावे. आणि लहान मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असेल तेव्हा मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे, पोहायला शिकवले असले तरीही.

१६/ याच निष्कर्षाकडे बांगलादेश अगदी वेगळ्या वाटेने पोहोचला. तेथे घराला लागून तळे किंवा डबके असते. लहान मुले बुडतात ती बहुधा घरापासून हाकेच्या अंतरावर आणि सकाळी, जेव्हा आई कामात असते. २००५ नंतर तेथील संशोधकांनी दोन उपाय राबवले. चार वर्षांवरील मुलांना गावच्या तळ्यातच बांबूचा मचाण बांधून पोहायला शिकवले. त्याहून लहानांसाठी गावोगावी सकाळची पाळणाघरे काढली. या पाळणाघरांचे नाव 'आँचल', म्हणजे पदर. दोन्ही उपायांनी मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. तान्ह्यांना वाचवले ते पोहण्याने नव्हे, त्यांच्यावर असलेल्या कुणाच्या तरी नजरेने.

१७/ जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांत जवळपास चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. तान्ह्याला बुडायला नदी लागत नाही. न्हाणीघरातील भरलेली बादली, अंगणातील उघडा हौद पुरतो. बिनकठड्याच्या विहिरी तर आपल्या शिवारांत आजही आहेत.

१८/ मग बाळाला वर्गाला न्यावे की नाही? मला वाटते, न्यावे, मात्र तेथे नेमके काय शिकले जाते हे ओळखून. त्या सकाळी आमच्या बाळाने पाण्यावर थापट्या मारल्या, शेजारच्या बाळाचे रबरी बदक ओढले आणि विसाव्या मिनिटाला भोकाड पसरले. ते काही पोहायला शिकले नाही. तशी अपेक्षाही नव्हती. आपल्या आज्या पाटावर बसून, लांब केलेल्या पायांवर बाळाला पालथे-उताणे घेऊन न्हाऊ घालत आणि एक हात सतत त्याच्या मानेखाली ठेवत. पाण्याची पहिली ओळख तीच, आणि धडा होता तो त्या हाताचा.

१९/ प्रशिक्षक बाईंच्या प्रश्नाला ताईने शेवटी उत्तर दिले, "नाही येत." बाई म्हणाल्या, "मग तुम्हीही शिका. ती चार वर्षांची होईल तेव्हा तिच्या मागे पाण्यात जायला कुणीतरी हवे." ताईने त्याच दिवशी प्रौढ स्त्रियांच्या वर्गात नाव घातले. मीही घातले. तालमूदने बापाला आणि मुलाला सांगितलेले कर्तव्य आमच्या घरी दोन हजार वर्षे उशिरा का होईना, आईकडे आणि लेकीकडे आले.

२०/ धागा येथे संपवते. एक विनंती आहे : आपल्या घरातील आई, आजी, आत्या यांना पोहता येत होते का, कुणी शिकवले, नसेल तर का नाही, हे विचारून खाली अवश्य लिहा. विहिरीच्या पायऱ्यांवर कपडे सांभाळत बसलेल्या मुलींचा इतिहास कागदपत्रांत फारसा सापडत नाही. तो त्यांनाच विचारावा लागतो.