टाकीतला गंज

जुन्या मोटारींविषयी लिहिणारे अश्वशक्ती सांगतात, पितळी दिव्यांचे कौतुक करतात. पेट्रोलच्या टाकीबद्दल सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः गाडी किती वर्षे नुसतीच उभी होती याची साक्ष टाकीच देते. चालत्या गाडीची टाकी क्वचितच गंजते. अर्धवट भरलेल्या, बंद पडलेल्या टाकीत हवेतील दमट वाफ थंड होऊन तिचे पाणी होते. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून ते तळाशी बसते आणि वर्षानुवर्षे पत्रा खाते.

पत्रा नुसता पोलादी नसे. त्यावर शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचा मुलामा असे. आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करीत, त्यातलाच हा प्रकार म्हणावा. फक्त येथे शिसे अधिक आणि कथील थोडे. कल्हई उडाली की भांडे कळकते, मुलामा उडाला की टाकी गंजते.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) पेट्रोलला पंप नव्हता. टाकी बहुतेक काळ पुढच्या बैठकीखाली असे आणि इंधन आपल्याच वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरे. टाकीत थोडेच पेट्रोल उरले असता मोठा चढ आला, की चालक गाडी वळवून मागल्या पावली घाट चढत. पुढच्या मॉडेल ए मध्ये (१९२८ ते १९३१) टाकी थेट काचेपुढे, डॅशबोर्डामागे आली. आरंभी तीत १० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर, पेट्रोल मावे. इंधनाचा काटाही टाकीतील तरंगत्या बोंडालाच जोडलेला असे. पण खरी मेख पुढेच आहे: या टाकीचा वरचा पत्रा हाच गाडीचा बाहेरचा, रंग दिलेला पत्रा. टाकी फेकली तर गाडीचा चेहराच फेकला! कॅनडातील फोर्डच्या कारखान्यातून उजव्या हाताच्या सुकाणूच्या गाड्या हिंदुस्थानात येत. त्यांपैकी जी गाडी आज कोणाच्या पडवीत उभी असेल, तिच्या धन्यासमोर हाच प्रश्न आहे.

तीव्र आम्ल ओतून टाकी चकचकीत करण्याचा मोह आम्हांलाही झाला होता. आम्ल गंज खाते, तसा चांगला पत्राही खाते आणि उरलासुरला मुलामाही नेते. त्यापेक्षा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातील विद्युत्क्रिया सौम्य. आधी टाकीतले पेट्रोल व त्याची वाफ पुरती धुऊन काढावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक असते, हे विसरू नये. मग ती सोड्याच्या पाण्याने भरून बॅटरी चार्जरचे ऋण टोक टाकीला आणि धन टोक आत लोंबत्या लोखंडी सळीला जोडावे. सळी टाकीला टेकू देऊ नये. स्टेनलेस स्टीलची सळी तर नकोच, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करावे. गंज काळा पडून सुटतो. धुतल्याबरोबर टाकी वाळवून तेल फिरवावे, नाही तर तासाभरात पुन्हा तांबूस थर धरतो.

आतून राळेचा लेप द्यावा काय? पत्र्याला भोके पडली नसतील तर देऊ नये, असे आमचे मत. लेपाचे पापुद्रे सुटले की ते नळीत अडकतात. शिवाय २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉल काही जुन्या लेपांना मऊ करते आणि हवेतील ओलही शोषून घेते. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल, तर आम्ही आता टाकी पूर्ण रिकामी करून, आत तेल फिरवूनच ठेवतो.