केमोरेडिएशन म्हणजे काय? स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये केमो आणि रेडिएशन एकत्र का देतात?

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अचानक एखाद्या रिपोर्टचा फोटो येतो. खाली मेसेज असतो, "तू इंजिनियर आहेस ना, बघ जरा काय लिहिलंय." फोटोत 'पॅनक्रियाज', 'सीआरटी', '५०.४ ग्रे' असले शब्द. मी काही डॉक्टर नाही. पण या शब्दांचा अर्थ कळला, तर निदान डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता येतात. म्हणून हा लेख.

स्वादुपिंडाचा कॅन्सर अवघड का?

स्वादुपिंड म्हणजेच पॅनक्रियाज. जठराच्या मागे असलेला, साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा हा अवयव पाचक रस आणि इन्सुलिन बनवतो. तो खूप आत असल्याने गाठ सुरुवातीला जाणवतच नाही. त्यामुळे निदान होतं तेव्हा साधारण १५ ते २० टक्के रुग्णांचंच ऑपरेशन लगेच करता येतं. बाकीच्यांमध्ये गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असते, किंवा आजार यकृतासारख्या दुसऱ्या अवयवात पोचलेला असतो.

दोन्ही एकत्र का?

केमोचं औषध रक्तातून अख्ख्या शरीरात फिरतं. रेडिएशन मात्र ठरवलेल्या जागेवरच काम करतं.

रेडिएशनमुळे कॅन्सरच्या पेशीतला डीएनए तुटतो. पेशी तो दुरुस्त करायला बघते. त्याच वेळी ५-एफयू, कॅपेसिटाबीन किंवा जेमसिटाबीन यांपैकी एखादं औषध शरीरात असेल, तर ही दुरुस्ती नीट होत नाही. म्हणजे तेवढ्याच रेडिएशनचा परिणाम वाढतो. अशा औषधाला 'रेडिओसेन्सिटायझर' म्हणतात. यासाठी केमोचा डोस सहसा नेहमीपेक्षा कमी ठेवतात.

प्रत्यक्षात काय होतं?

'ग्रे' हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक आहे. नेहमीचं एक वेळापत्रक असं: रोज १.८ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, एकूण २८ वेळा. झाले ५०.४ ग्रे! कॅपेसिटाबीन असेल तर रेडिएशनच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायच्या असतात.

आधी सीटी स्कॅन करून सॉफ्टवेअरवर किरणांची दिशा आणि आकार ठरवतात. खरी अडचण दोन गोष्टींची. श्वासाबरोबर गाठ हलते, आणि तिला लागूनच लहान आतडं असतं. आतड्याला जास्त डोस सहन होत नाही, त्यामुळे डोस हवा तितका वाढवता येत नाही.

मग सगळ्यांनाच दोन्ही का देत नाहीत?

कारण 'दोन उपचार म्हणजे दुप्पट फायदा' असं गणित इथे चालत नाही. दोन मोठे अभ्यास बघा.

एलएपी-०७ (२०१६): ऑपरेशन शक्य नसलेले, पण आजार दूर न पसरलेले रुग्ण. चार महिने केमो देऊनही ज्यांचा आजार वाढला नव्हता, त्यांच्यापैकी काहींना पुढे केमोरेडिएशन दिलं, काहींची केमोच चालू ठेवली. गाठ जागच्या जागी वाढण्याचं प्रमाण केमोरेडिएशनमुळे कमी झालं, ४६ ऐवजी ३२ टक्के. पण आयुष्य वाढलं नाही. मध्यक १५.२ महिने, तर नुसत्या केमोवर १६.५.

प्रीओपँक (नेदरलँड्स, २०२२चे निकाल): इथे ऑपरेशन शक्य किंवा काठावर असलेले रुग्ण होते. ऑपरेशनच्या आधी केमोरेडिएशन दिलेल्यांपैकी २०.५ टक्के पाच वर्षांनी हयात होते. थेट ऑपरेशन केलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६.५ टक्के होतं.

म्हणजे आजार कुठल्या टप्प्यावर आहे आणि उपचार कुठल्या क्रमाने द्यायचे, यावर बरंच अवलंबून आहे. शिवाय आता फॉलफिरिनॉक्ससारखी अनेक औषधांची जोरदार केमो आली आहे, त्यामुळे बरेच डॉक्टर आधी केमो देतात. आजार दूर पसरला असेल तर मुख्य उपचार केमोच. रेडिएशन मुख्यतः वेदना कमी करायला वापरतात.

डॉक्टरांना काय विचाराल?

१. गाठ काढता येण्यासारखी आहे, काठावर आहे, की नाही?
२. रेडिएशनचा हेतू काय? ऑपरेशन सोपं करणं, गाठ रोखणं, की दुखणं कमी करणं?
३. आधी केमो का, किंवा का नाही?
४. थकवा, मळमळ, जुलाब झाले तर कधी फोन करायचा?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उपचार चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर गुगल करत बसू नका. लगेच हॉस्पिटलला फोन करा.

आणि ग्रुपवर 'अमुक काढ्याने कॅन्सर बरा' असा फॉरवर्ड आला, तर तो पुढे पाठवण्याऐवजी वरचे चार प्रश्न पाठवा. त्यांचा उपयोग होईल.